मोहरीचं अंडं

गवंडी परांचीवरून पडला तेव्हा उन्हाळा नुकता लागला होता. नडगी दोन ठिकाणी मोडली. मांडीपर्यंत पांढरं प्लास्टर घालून त्याला दवाखान्यातून घरी आणला, तेव्हा सगळी गल्ली दारात जमली. जन्मभर दुसऱ्यांच्या घरांना उंबरे बसवणारा माणूस स्वतःच्या घराचा उंबरा चौघांच्या हातांवरून ओलांडत होता. डॉक्टरांनी बरंच काही सांगितलं होतं. तीन महिने पाय टेकायचा नाही, दूध प्यायचं, रोज दोन अंडी खायची, म्हणजे हाड धरेल. गवंडिणीनं त्यातली दोन अंडी तेवढी घट्ट लक्षात ठेवली. बाकीचं देवाच्या हातात होतं, अंडी तिच्या हातात होती.

परसात तिच्या पाच कोंबड्या होत्या. ठिपकी, भुरी, लंगडी, उघड्या मानेची मानी, आणि एक काळी, जी वर्षातले सहा महिने खुडूकच बसलेली असायची. शिवाय एक कोंबडा. त्याला सगळे फौजदार म्हणत, कारण तो दिवसभर छाती काढून फिरायचा आणि मुंगूस आलं की सगळ्यांच्या आधी भिंतीवर चढायचा. सासूनं मरताना घर दिलं, दोन पातेली दिली आणि या कोंबड्यांच्या आज्या-पणज्या दिल्या. सासूचं म्हणणं असं, की कोंबडीला औषध नको, शिस्त हवी. लोळायला राखेचा खड्डा, पाण्यात ठेचलेली लसणाची पाकळी, दिवस मावळायच्या आत मोजून खुराड्यात. आणि अंड्याची टरफलं फेकायची नाहीत. तव्यावर भाजायची, पाट्यावर पिठासारखी वाटायची आणि कोंड्यातून त्यांनाच परत घालायची, म्हणजे पुढच्या अंड्याचं कवच जाड येतं. गवंडिणीनं हे वीस वर्षं केलं. असं का, हे तिनं कधी विचारलं नाही आणि सासूनं कधी सांगितलं नाही.

नवरा पडल्यावर ती विटांच्या भट्टीवर जायला लागली. उजाडता उजाडता निघायचं, डोक्यावर आठ-आठ विटा घेऊन फळीवरून चढायचं, आणि दुपार कलल्यावर मान मोडून परत यायचं. मग कसला तवा आणि कसला पाटा. सकाळी नवऱ्यासाठी अंडी उकडली की ती टरफलं मुठीत धरायची आणि जाता जाता कुंपणाच्या आत भिरकावायची. अर्धी अर्धी टरफलं वाट्यांसारखी मातीत पडायची आणि कोंबड्या त्यांच्यावर तुटून पडायच्या. खाताहेत ना, मग झालं तर. पोटात जाऊन वाटलीच जाणार आहेत, असं ती स्वतःशी म्हणायची.

घरात तिसरं माणूस होतं, ती तिची नणंद. गवंड्याची मोठी बहीण. थंडीच्या दिवसांत तिचा नवरा गेला, आणि दिराच्या घरात तिचं ताट दिवसेंदिवस मागं सरकायला लागलं, तेव्हा गवंडी स्वतः जाऊन तिला घेऊन आला. "आक्का, माझ्या घरात तुला कुणी काही बोलणार नाही," असं तो म्हणाला होता. पुढं महिन्याभरात तोच अंथरुणाला खिळला. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गवंडिणीची गत झाली, आणि घोडं म्हणजे कोण हे ती कुणाला सांगायला गेली नाही, पण मनात म्हणायची.

नणंदेनं मात्र कुणाला बोलायला जागा ठेवली नव्हती. दोन घास कमीच खायची, आणि तेही फेडायचे असल्यासारखी दिवसभर राबायची. भावाला पुसून घ्यायची, त्याचं भांडं उचलायची, पाणी भरायची, कोंबड्या सोडायची आणि कोंडायची. लग्नापासून ती गवंडिणीला "अगं" म्हणत आली होती. राहायला आली त्या दिवसापासून "अहो वहिनी" म्हणायला लागली. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. गवंडिणीच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं, आणि खोटं कशाला बोला, ते तिला आवडलं. स्वयंपाक कुणीही करो, ताटं वाढायचं काम तिनं स्वतःकडे ठेवलं होतं. अंडी गवंड्याची. तिसरं निघालं तर ते विटा वाहणाऱ्या बाईचं. हे घरात न बोलता ठरलं होतं.

एकदा नणंद कुंपणापाशी उभी राहून त्या टरफलांकडे बघत होती.

"वहिनी," ती म्हणाली, "टरफलं कुटून घातली तर बरं होईल. अशी अख्खी घातली की कोंबड्यांना..."

"वन्सं, मला भट्टीवर उशीर होतोय," गवंडीण चप्पल घालता घालता म्हणाली. "आणि मी वीस वर्षं कोंबड्या पाळतेय. आता तेही शिकायचं राहिलंय का माझं?"

"तसं नाही हो. मीच कुटते, तुम्ही नुसती ठेवून जा."

"राहू द्या. तुम्ही त्यांच्याकडे बघा. कोंबड्यांचं मी बघते."

 नणंदेच्या सासरी एके काळी चाळीस कोंबड्या होत्या आणि त्या सगळ्या तिच्याच हाताखाली वाढल्या होत्या. पण चाळीस कोंबड्या तिकडे राहिल्या होत्या, आणि इथं तिचं म्हणून एक पीसही नव्हतं. त्यानंतर ती टरफलांबद्दल बोलली नाही.

ऊन चढत गेलं. कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकायच्या आणि अंड्यांची कवचं कागदासारखी पातळ यायला लागली. चार अंडी मिळायची तिथं तीन मिळू लागली, मग दोन. एक दिवस टोपल्यात एकच अंडं निघालं. गवंडिणीनं पेंढा उलटासुलटा केला. पेंढा नवा होता. कालच तर तिनं जुना बघितला होता.

"वन्सं, पेंढा बदललात?"

"हो. ओला झाला होता जरा."

"अंडी किती होती?"

नणंद जरा थांबली. "एकच," ती म्हणाली आणि भावाचं पाणी तापवायला आत गेली.

हे थांबणं गवंडिणीच्या मनात रुतून बसलं. दोन दिवसांनी परत तेच. पेंढा बदललेला, अंडं एकच. त्या दिवशी नणंदेच्या डोक्याच्या फडक्याच्या टोकाला पिवळा डाग होता, वाळून कडक झालेला. गवंडिणीनं तो बघितला. संशय हा असा पाहुणा आहे की त्याला बस म्हणावं लागत नाही. मग तिला डब्यातली मोहरीही कमी झालेली दिसली. साखर तर तिला आधीपासूनच कमी वाटत होती.

तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. सांगणार काय, की तुमची बहीण तुमच्या तोंडातलं काढून खाते? तो बिचारा प्लास्टरच्या आत खाज सुटली म्हणून विणायची सुई मागत होता. ती त्याच्यापुढं एक अंडं ठेवायची आणि तो म्हणायचा, "उन्हाळ्यात घालत नाहीत त्या. तू कशाला जीवाला लावून घेतेस?" तिला मात्र त्या पांढऱ्या पायाकडे बघवत नसे. आत हाड धरतंय की नाही हे दिसत नव्हतं, आणि दिसत होतं ते एवढंच की दोन अंडी सांगितलीत आणि एक मिळतंय.

मग ती दुपार आली. भट्टीवर चिखलाचं पाणी संपलं म्हणून बायकांना लवकर सोडलं. गवंडीण मागच्या बाजूनं, कुंपणाच्या वाटेनं आली. खुराड्याच्या आडोशाला नणंद उकिडवी बसली होती. पाठमोरी, जरा तिरकी. तिच्या दोन्ही हातांत अंडं होतं आणि अंडं तोंडाला लावलेलं होतं. गाल हलत होते. गवंडिणीचे पाय जागीच थांबले. बघता बघता नणंदेनं अंडं खाली घेतलं, मान वळवली आणि तिला कोरडी ओकारी आली. एकदा, दोनदा. मग तिनं फडक्यानं तोंड पुसलं, खोल श्वास घेतला आणि परत अंडं तोंडाला लावलं.

कच्चंच, गवंडीण मनात म्हणाली. उकडायलाही वेळ नाही. घाईघाईत गिळलं की अशाच ओकाऱ्या येतात.

ती आल्या पावली मागं फिरली, गल्लीला वळसा घालून पुढच्या दारानं, चपला वाजवत घरात आली. त्या क्षणी तिनं नुसतं हाक मारून विचारलं असतं, वन्सं, काय करताय? पण विचारलं तर समोरून उत्तर येतं, आणि गवंडिणीला उत्तर नको होतं. तिचं तिला मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना नणंद कोंबड्या सोडायला गेली, तर खुराड्याच्या दाराला कुलूप. आत कोंबड्या दार खरवडत होत्या, फौजदार आरवून आरवून घसा बसवत होता. नणंद त्या कुलपाला हात लावून उभी राहिली.

"वहिनी, किल्ली..."

"माझ्याकडे आहे." गवंडीण अंगण झाडत होती. किल्ली तिच्या कमरेला होती. "दुपारी मी आले की सोडेन. आत घालतील, आतच राहतील. पाणी ठेवलंय."

"इतका वेळ कोंडल्यावर ऊन लागेल हो त्यांना. आणि रिकाम्या बसल्या की..."

गवंडिणीनं झाडू आपटला. नणंदेकडे न बघता, कोंबड्यांकडे तोंड करून ती मोठ्यानं म्हणाली, "घरात मुंगूस शिरलंय ग बायांनो. चार पायांचं असतं तर काठीनं हाणलं असतं. दोन पायांच्या मुंगसाला काय करायचं? त्याला ताटात जेवायला वाढावं लागतं!"

आतून गवंड्यानं विचारलं, "काय ग, कोण शिरलं?"

"काही नाही," नणंदच म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. "मुंगूस म्हणतात वहिनी. मला नाही दिसलं."

चार दिवस ती त्याच घरात राहिली. पाणी भरलं, भावाला पुसलं, भांडी घासली. ताटावर बसली की दोन घास खायची ती एकच खायला लागली. पाचव्या दिवशी तिनं भावाला सांगितलं, की तिकडे जाऊबाई आजारी आहे, निरोप आलाय, जावं लागेल. निरोप कुणी आणला हे त्यानं विचारलं नाही. "लवकर ये," तो म्हणाला, "तुझ्याशिवाय माझी पाठ कोण चोळणार?" गाठोडं एवढंसं होतं. दारातून निघताना तिनं गवंडिणीला नुसतं "येते" म्हटलं आणि खुराड्याच्या छपराकडे एकदा बघितलं. काहीतरी बोलायचं असल्यासारखी थांबली. मग कुलपाकडे बघितलं आणि गेली.

सुंठीवाचून खोकला गेला, असं गवंडिणीला वाटलं. पाण्याच्या घागरी आता तिलाच भरायच्या होत्या, तरीसुद्धा वाटलं.

पण अंडी वाढली नाहीत. पहिल्या आठवड्यात एक मिळायचं. दुसऱ्या आठवड्यात एकाड-एक दिवस. मग तीन दिवस काहीच नाही. कुलूप जसंच्या तसं, किल्ली कमरेला. गवंडिणीनं खुराड्याची फट न फट शेणमातीनं लिंपली. साप असेल म्हणून राखेवर वळ शोधले. नवऱ्यापुढं नुसतं दूध ठेवताना ती म्हणायची, "उन्हाळा आहे ना," आणि आता हे वाक्य तिचं झालं होतं. चोर गेला आणि चोरी राहिली, याचा अर्थ लावायला ती धजत नव्हती.

भट्टीला एक दिवस सुट्टी पडली. ती सकाळीच खुराड्याला डोळा लावून बसली. आत कोंदट, दमट अंधार. पाची कोंबड्या एकमेकींना चिकटून, चोचीनं एकमेकींची पिसं ओढत बसलेल्या. मानीच्या पाठीला रक्त आलं होतं. बऱ्याच वेळानं ठिपकी टोपल्यात बसली, अंग फुगवलं, उठली. अंडं पडलं होतं, अजून ओलं. ठिपकीनं मान तिरकी करून त्याच्याकडे बघितलं आणि चोच हाणली. एका टोच्यात पातळ कवच फुटलं. भुरी धावली, लंगडी धावली. तिघी मिळून खाली मान घालून खायला लागल्या. बलक, पांढरं, शेवटी कवचही. मग ओला पेंढा टोचून टोचून साफ केला. बघणाऱ्याला वाटावं, इथं कधी काही पडलंच नव्हतं.

गवंडीण जमिनीवर बसकण मारून बसली. सकाळचं टरफल, गल्लीतून मागून आणलेल्या अंड्याचं, तिच्या हातातच होतं. तिनं ते फटीतून आत टाकलं. ठिपकीनं ते तसंच मान तिरकी करून बघितलं आणि तशीच चोच हाणली. एकाच नजरेनं, एकाच चोचीनं. कोंबडीनं काय ते बरोबर ओळखलं होतं. पांढरं, गोल, पातळ, आणि आपल्यालाच रोज खायला घालतात ते.

"अशी अख्खी घातली की कोंबड्यांना..." ते वाक्य तिनं पुरं होऊ दिलं नव्हतं. आता ते आपोआप पुरं झालं.

टोपल्यावर उजेड कमी पडावा म्हणून तिला एक पोतं टांगायचं होतं. दोरी शोधायला तिनं छपराखाली हात घातला, तर कौल आणि वाश्याच्या मधल्या जागेत बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. तिनं एकेक करून खाली काढलं. ओढ्यातले दोन गोटे, अंड्याएवढेच, चुन्यात बुडवून पांढरे केलेले. आणि एक अंडं. खरंच अंडं, पण दोन्ही टोकांना कणकेची खळ लावून बुजवलेलं. तिनं ते फोडलं. आत बलक नव्हता. वाटलेली मोहरी होती, वाळून आक्रसलेली, तरी वास नाकात चढला आणि डोळ्यांत पाणी आलं.

हे तिला सासूनं शिकवलं नव्हतं, कारण सासूच्या कोंबड्यांना ही खोड कधी लागलीच नव्हती. पण एवढं समजायला शिकावं लागत नाही. अंड्याला दोन भोकं पाडायची, एका भोकाला तोंड लावून फुंकायचं, आतलं सगळं वाटीत काढायचं. मग मोहरी भरायची. ते अंडं खुराड्यात ठेवायचं. एकदा चोच पोळली की कोंबडी परत अंड्याच्या वाटेला जात नाही. गोटे टोपल्यात ठेवायचे, टोचून टोचून चोच दुखते. खराब पेंढा लगेच बदलायचा, बाकीच्यांना वास लागू नये म्हणून. सगळं तयार होतं. संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी आत ठेवायचं तेवढं राहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला कुलूप होतं.

गवंडिणीनं कुलूप काढून विहिरीत टाकलं. हे काम अगदीच बिनकामाचं होतं, कुलूप चांगलं होतं, पण तिनं ते टाकलं. मग मोहरी वाटली, अंडं फुंकलं, भरलं आणि ठेवलं. ठिपकीनं दुसऱ्या दिवशी टोच मारली, मान झटकली, चोच मातीला घासत घासत परसभर पळाली. पोतं टांगलं, कोंबड्या दिवसभर मोकळ्या सोडल्या, टरफलं भाजून पिठासारखी वाटली. भट्टीवरून आल्यावर, मान दुखत असताना वाटली. वीस दिवसांत कवचं जाड आली आणि टोपल्यात चार-चार अंडी दिसायला लागली. गवंड्याचं प्लास्टर निघालं. पाय काठीसारखा बारीक झाला होता, पण हाड धरलं होतं.

मग एके दिवशी तिनं चांगली निवडून बारा अंडी कोंड्यात घालून डबा भरला. "वन्संना घेऊन येते," ती म्हणाली.

"आण," गवंडी खूश होऊन म्हणाला. "मी दारात उभा राहून दाखवतो तिला."

दिराच्या घरी नणंद मागच्या अंगणात जळण फोडत होती. हाताला फोड आले होते. तिची जाऊ ठणठणीत होती आणि ओट्यावर बसून आतल्या आत मोजत होती, पाहुणी जेवायला थांबते की काय. तिनं नणंदेला हाक मारली ती नावानंही नाही, "ए, तुझ्याकडे आलंय कुणी," अशी मारली.

दोघी जळणाच्या खोपीत जाऊन बसल्या. तिथंच कोपऱ्यात नणंदेचं गाठोडं होतं, आणि अंथरूण.

"त्याचा पाय?" नणंदेनं विचारलं.

"धरला. काठी घेऊन चालतात."

"बरं झालं." तिनं डोळे मिटून घेतले. "बरं झालं बाई."

गवंडिणीनं डबा पुढं केला. "तुमच्यासाठी आणलीत. बाराच्या बारा. ठिपकीची आहेत चार." नणंदेनं डबा उघडला, आत बघितलं आणि झाकण लगेच लावलं. हातात धरलाही नाही, पायानंच सरकवल्यासारखा दूर, दाराबाहेर ठेवला. फडक्याचं टोक नाकाशी गेलं. गवंडिणीच्या काळजाला ते लागलं. राग आहे अजून, असणारच, तिनं स्वतःला समजावलं.

"टरफलं कुटते आता," ती खाली बघत म्हणाली.

"बरं केलंस."

"मोहरीचं अंडं सापडलं मला. छपराखाली."  "वन्सं, तुम्ही बोलला का नाहीत? एका शब्दानं सांगायचं होतं."

"टरफलांचं एकदा बोलले होते की." नणंद साधेपणानं म्हणाली. "परत बोलायचं तर तुझी चूक सांगावी लागली असती. तो आत पडलेला. त्याचं सगळं तुझ्यावर. मी कशाला तुमच्या दोघांत ठिणगी टाकू?"

ती "तू" म्हणत होती, पहिल्यासारखं. गवंडिणीच्या ते आत्ता ध्यानात आलं आणि तिला रडू फुटलं. "चला घरी," ती म्हणाली. "पाया पडते. खुराड्याचं सगळं तुम्ही बघा, मी बोटसुद्धा लावणार नाही. ते दारात उभे राहणार आहेत तुमच्यासाठी."

नणंदेनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. फोडांचा, खरखरीत हात.

"नाही ग. त्याला सांग, जाऊबाई अजून उठत नाहीत." तिनं ओट्याकडे बघितलं. ओट्यावरून जाऊ ओरडत होती, की गप्पांनी चूल पेटत नाही. "इथं मी परकीच आहे. परके लोक काही बोलले तर ते कानाला लागतं. तिथं पोटात लागलं. परत लागेल की नाही कुणास ठाऊक, तू आता चांगली वागशील, पण मीच ताटावर बसले की तुझ्या हाताकडे बघत बसेन. ते नको."

"मी तशी नाही वागणार हो."

"माहीत आहे. जा तू. उन्हाच्या आत पोच." आणि मग जरा थांबून तिनं विचारलं, "ठिपकीला मारलं नाहीस ना? तिचा दोष नव्हता."

गवंडीण घरी आली तेव्हा दिवस मावळायला आला होता. गवंडी ठरल्याप्रमाणं दारात उभा होता, काठी भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर. त्यानं तिच्या मागं गल्लीत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"एकटीच?"

तिनं चुलीवर तवा ठेवला, टरफलं पसरली. मग त्याच्याजवळ उंबऱ्यावर बसली आणि सगळं सांगितलं. कुलूप, मुंगूस, खुराड्यामागचं ते अंडं. काही लपवलं नाही. गवंडी ऐकत खाली बसत गेला, नवा पाय अवघडून पुढं पसरला.

"आणि बारा अंडी नेली होती," ती शेवटी म्हणाली. "हातसुद्धा लावला नाही त्यांनी. नाक मुरडलं. इतका राग आहे."

"राग?" गवंडी म्हणाला. "अगं, तिला अंड्याचा वास सहन होत नाही. लहानपणापासून. घरात अंडं फुटलं तरी ती बाहेर जाऊन ओकायची. आई तिचं जेवणच वेगळं काढायची."

गवंडिणीचा हात उंबऱ्यावर होता, तिथंच राहिला.

"तू म्हणतेस त्या दुपारी तिनं मला दुधात अंडं फेटून आणून दिलं होतं," गवंडी आठवून म्हणाला. "नाकाला फडकं बांधून आली होती. डोळ्यांत पाणी. मी हसलो तिला. आक्का, चोरासारखी दिसतेस म्हटलं."

गल्लीतून कुणीतरी सायकलवरून गेलं. कोंबड्या आपल्या आपण एकेक करून खुराड्यात शिरत होत्या. फौजदार सगळ्यांच्या आधी शिरला होता.

"पण तुला ठाऊक नव्हतं?" गवंड्यानं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच नवल वाटत होतं. "इतके महिने ताटं तूच वाढत होतीस. तू अंडं वाढायला गेलीस की ती ताटावर हात धरत असेल ना?"

गवंडिणीनं त्या ताटात कधी अंडं वाढलंच नव्हतं. आत तव्यावर टरफलं करपल्याचा वास सुटला, तेव्हा ती उठून आत गेली. गवंड्यानं तवा उतरवल्याचा आवाज ऐकला. नंतर बराच वेळ पाट्याचा आवाज येईल म्हणून तो वाट बघत होता, पण तो आला नाही.